निराशेचं माप

निराशा मोजता येते काय? कापूस तोलता येतो. सुताचा काऊंट काढता येतो. आमच्या सूतगिरणीत लॅबमधला पोरगा बॉबिनवरून ठराविक लांबीची लडी काढतो, तराजूत टाकतो आणि सांगतो, तिसाचं सूत आहे की चाळिसाचं. पण माणसाच्या आत जे विझत जातं, त्याला काऊंट असतो काय?

डॉक्टर लोक म्हणतात, असतो. हे ऐकलं की आपल्यासारख्याला पहिल्यांदा राग येतो. आता हे आमचं दुःखही मोजायला निघाले म्हणून. पण राग आला म्हणून वाचायचं सोडायचं नसतं. डिक्शनरी उशाशी घेऊन, पाळीवरून आल्यावर जेवढं झेपलं तेवढं वाचलं. त्यातून डोक्यात जे उरलं ते दोस्तांपुढं ठेवतो. पटलं नाही तर भांडा.

अमेरिकेत ॲरन बेक नावाचा मनोविकाराचा डॉक्टर होता. १९७४ साली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी वीस वाक्यांची एक यादी छापली. प्रत्येक वाक्याला रुग्णानं 'खरं' किंवा 'खोटं' म्हणायचं. अकरा वाक्यं अशी, की 'खरं' म्हटलं की निराशेचा एक गुण. नऊ वाक्यं उलटी, त्यांना 'खोटं' म्हटलं की एक गुण. बेरीज शून्य ते वीस. तीनपर्यंत ठीक. नवाच्या पुढं काळजी. पंधराच्या पुढं फार काळजी. संपलं यंत्र. ना वायर, ना बटण.

ही यादी मुळात हृदयाच्या पेशंटसाठी नव्हती. जीव देण्याचा विचार करणारी माणसं वेळेवर ओळखता यावीत म्हणून होती. १९८५ साली बेकनं जे छापलं ते असं: आत्महत्येच्या विचारांमुळं दवाखान्यात ठेवलेल्या २०७ जणांवर पाच ते दहा वर्षं लक्ष ठेवलं. चौदा जणांनी पुढं जीव दिला. मरणाऱ्यांपैकी ज्यांचे गुण नोंदलेले होते त्यांतल्या बहुतेकांचे दहा किंवा दहाच्या वर होते. पण त्या २०७ मधले बाकीचे सगळे आत्महत्येतून वाचले, आणि त्यांतही दहाच्या वरचे पुष्कळ होते. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. निराश माणूस मरतोच असं नाही.

मग ही गोष्ट हृदयाकडं कशी आली? १९९३ साली अमेरिकेतल्याच एका पाहणीत २,८३२ प्रौढ माणसांचा हिशेब निघाला. ज्यांनी निराशा सांगितली होती, त्यांच्यात पुढं हृदयविकार जास्त आढळला. मग १९९६ साली फिनलंडच्या पूर्व भागातल्या कुओपिओचा अभ्यास आला. हा मुलूख हृदयरोगासाठी बदनाम होता. तिथले पुरुष ऐन चाळिशी-पन्नाशीत इतके मरत होते, की शेजारच्या उत्तर करेलियात १९७२ ला सरकारला मोहीमच काढावी लागली, लोणी-मीठ-सिगारेट कमी करा म्हणून. तर कुओपिओत ४२ ते ६० वयाचे २,४२८ पुरुष घेतले. निराशेवर प्रश्न फक्त दोन. आपल्याला जे गाठायचंय ते गाठणं अशक्य वाटतं का, आणि पुढचा काळ अंधाराचा वाटतो का, काही सुधारेल यावर विश्वास उरला नाही असं वाटतं का. सहा वर्षं थांबले. दोन प्रश्नांना जोरात 'होय' म्हणणारे जास्त मेले. त्यांना हृदयाचा झटकाही जास्त आला. पुढल्या वर्षी त्याच लोकांनी दाखवलं, की अशा माणसांच्या मानेतल्या रक्तवाहिनीत चरबीचा थर भराभर वाढतो.

म्हणजे निराशा नुसती मनात बसत नाही. ती नळीत बसते.

ती कशी बसते यातलं काही कळतं. निराश माणूस गोळी वेळेवर घेत नाही, चालायला जात नाही, तंबाखू सोडत नाही. कशासाठी सोडायची? आणि सतत धास्तीत असलेल्या शरीरात रक्तदाब, साखर, रक्ताची गुठळी व्हायची सवय, सगळं बिघडत जातं. अमेरिकेत सुसान डन नावाची नर्सिंगची प्राध्यापिका आहे. झटका येऊन घरी गेलेले पेशंट व्यायामाच्या वर्गाला का येत नाहीत, याच्या मागं ती लागली, आणि तिला निराशा सापडली. २०१४ मध्ये तिनं आणि तिच्या सोबत्यांनी खास नवं माप छापलं. त्यात निराशेचे दोन भाग. एक, सध्याची अवस्था. झटका आला, घाबरलाय, आठवडाभर असं वाटतंय. दुसरा, स्वभाव. म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं असाच.

इथपर्यंत डॉक्टरांचं ऐकलं. आता आपलं बोलू.

माझ्या चुलत्यांना, तात्यांना, दोन वर्षांमागं अटॅक आला. महात्मा फुले योजनेत काम झालं. छातीत स्प्रिंग बसवली. वॉर्डात एक शिकाऊ पोरगी फॉर्म घेऊन आली. बिचारी गोड होती, मान खाली घालून वाचत होती. एक प्रश्न असा होता, की दहा वर्षांनी आपलं आयुष्य कसं असेल याचं चित्र डोळ्यापुढं येतं का.

तात्या म्हणाले, "ताई, दहा वर्षांचं मला काय विचारताय? सोमवारी गेटवर पास मिळतोय का नाय, तेवढं कोण सांगंल का बघा."

पोरीनं खूण केली. निराशेचा एक गुण.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. तात्या ठेकेदाराकडं कामाला. चौदा वर्षं एकाच डबलिंग खात्यात, आणि कागदावर दर अकरा महिन्यांनी नवा माणूस. दहा वर्षांचं चित्र त्यांच्या डोळ्यापुढं येत नाही हा रोग आहे की बातमी आहे? मालकाच्या डोळ्यापुढं चित्र येतं, कारण त्याच्याकडं दहा वर्षांचं कर्ज मंजूर आहे, दहा वर्षांचा प्लॅन आहे. दोघांना तोच प्रश्न. एकाला शून्य, एकाला एक. 'करायच्या गोष्टींना आपल्याकडं पुरेसा वेळ आहे का' हाही तसलाच एक प्रश्न. बारा तासांच्या पाळीवाल्याला विचारा.

थोडं मागं जातो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात पाऊल ठेवू देत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागेल म्हणून विटाळ. पगार जास्त तिथं बंदी, पगार कमी तिथं, रिंग खात्यात, या की. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. आता त्या वेळच्या एखाद्या रिंगवाल्याला बेकची यादी दिली असती आणि त्यानं लिहिलं असतं, 'मला जे हवंय ते मिळणार नाही', तर काय म्हणायचं? मन आजारी आहे? का डोळे शाबूत आहेत?

तराजू खोटा नाही. पण तराजूला एवढंच कळतं, की पारडं खाली गेलं. कोणी दाबलं ते त्याला कळत नाही.

आणि तराजूला दुसरी पण एक गोष्ट कळत नाही. समजा एखादा म्हातारा म्हणाला, मला काही काळजी नाही, या जन्मी भोग भोगतोय, पुढल्या जन्मी चांगलं होणार. त्याचे गुण शून्याजवळ येतील. डॉक्टर खूश. चोखोबाच्या नावावरचे काही अभंग मागल्या जन्माच्या कर्माकडंच बोट दाखवतात, आणि आपल्या चळवळीनं त्यावर कोरडे ओढले ते उगाच नाही. ती आशा कुणाच्या फायद्याची होती ते आपण ओळखलं. म्हणजे आशा आहे का एवढंच विचारून भागत नाही. कुठली आशा, कुणी दिली, कशाच्या बदल्यात, हे विचारावं लागतं. वीस वाक्यांत ते नाही.

'स्वभाव' या शब्दावरही मी अडखळलो. डनबाई त्यांच्या जागी सरळ असतील, त्या फक्त लांबलेली निराशा आणि ताजी निराशा वेगळी करतात. पण आपल्याकडं हा शब्द धुतलेला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात चारी वर्णांची कामं स्वभावातून आली असं सांगून ठेवलंय. शूद्रानं सेवा का करायची, तर त्याचा स्वभाव. त्यामुळं कुणी म्हणालं, की झोपडपट्टीतल्या पेशंटमध्ये स्वभावातलीच निराशा दिसते, की माझे कान टवकारतात. पिढ्यान्‌पिढ्या एकच पारडं दाबून धरलं की ती अवस्था स्वभावासारखी दिसायला लागते. दाबणारा हात दिसेनासा होतो म्हणून.

इथं थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. टाळ्या पण मिळाल्या असत्या. पण मग तो फिनलंडवाला हिशेब पुन्हा समोर येतो आणि छळतो.

कारण त्या लोकांनी उत्पन्न, शिक्षण, सिगारेट, दारू, आधीचा रोग, उदासी, माणसांचा आधार, सगळं हिशेबात धरून बघितलं. तरी निराशेचा फरक उरला. याचा अर्थ काय? की सारख्याच गरिबीतल्या दोघांत, निराश आहे तो लवकर जातो. माझ्यातला कार्यकर्ता लगेच म्हणतो, तिथं जात कुठं होती? उत्पन्न वजा केलं म्हणून अपमान वजा होतो काय? बरोबर आहे. पण तेवढं म्हणून सुटता येत नाही. माझ्याच खात्यात, एकाच फ्रेमच्या दोन बाजूंना उभे दोन माणसं मी रोज बघतो. दोघं आपलेच. एकच वस्ती, एकच ठेकेदार. एकाच्यात धग आहे, दुसरा विझलाय. दुसऱ्याला मी जर फक्त एवढंच सांगितलं की तुझी निराशा खरी आहे, व्यवस्थेनं दिलीय, तर मी त्याला काय दिलं? त्याच्या मरणाला एक चांगलं कारण दिलं.

आपल्यात ही खोड आहे. बैठकीत आम्ही दुःखाचं मूळ तासभर उकलून सांगतो, आणि ज्याच्या छातीत स्प्रिंग बसलीय तो कोपऱ्यात बसून ऐकतो आणि घरी जाऊन गोळी घेत नाही. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात. अटॅकनंतर स्प्रिंग बसवली की त्या साधारण वर्षभर तरी चुकवायच्या नसतात. मधेच मनानं बंद केल्या तर स्प्रिंगमध्येच गुठळी होऊ शकते. व्यवस्था बदलेपर्यंत गुठळी थांबत नाही.

दुसऱ्या बाजूला ते 'पॉझिटिव्ह विचार करा'वाले. सुटाबुटात येतात, कंपनीच्या पैशानं भाषण देतात. हसा म्हणतात. ह्यांच्या बोलण्यात एक विष आहे. आशा ठेवली की बरे व्हाल, असं एकदा म्हटलं, की बरा न झालेला माणूस आपोआप गुन्हेगार ठरतो. तूच आशा ठेवली नाहीस. म्हणजे मागल्या जन्मीचं कर्म गेलं आणि ह्या जन्मीचं मन आलं, दोष त्याच्यावरच. आजारी माणसावर आशा ठेवायची सक्ती करायचा कुणाला अधिकार नाही. मला तरी नाही.

मग राहिलं काय? निराशा खरी म्हणून पूजायची नाही, आणि खोटी म्हणून दटावायची नाही. वाट कुठंय?

बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत चार कोडी मांडलीत. ग्रंथ ते गेल्यावर १९५७ ला निघाला. त्यातलं एक कोडं नेमकं आपलंच आहे. चार आर्यसत्यं जशी सांगतात तशी घेतली, जगणं दुःख, मरणं दुःख, पुन्हा जन्मणं दुःख, तर माणसाला आशाच उरत नाही. मग असला निराशेचा धर्म बुद्धानं सांगितला असेल, की नंतरच्या भिक्खूंनी तो चिकटवला असेल? विचार करा. आपल्याला धम्म देणारा माणूस धम्माच्या पायाच्या दगडालाच विचारतोय, तुझ्यात आशा आहे का. आणि त्यांनी दुःख पुसून टाकलं नाही. दुःख आहे हे धरलं, आणि त्याच्या शेजारी दुसरं वाक्य ठेवलं, की ते दूर करणं हेच धम्माचं काम. पहिलं वाक्य एकटं सोडलं की माणूस मरतो. दुसरं एकटं सोडलं की ते सुटाबुटातल्याचं भाषण होतं.

आणि खुद्द त्यांचं १९५६ साल बघा. मधुमेह, पायांची दुखणी, नजर गेलेली. १८ मार्चला आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी दगा दिला ही वेदना त्यांनी उघड बोलून दाखवली. त्यांचे लेखनिक नानकचंद रत्तू यांनी त्या दिवसांतलं त्यांचं खचणं आणि अश्रू लिहून ठेवलेत. त्या उन्हाळ्यात कुणी वीस वाक्यांचा कागद पुढं केला असता तर गुण किती आले असते कोण जाणे. आणि १४ ऑक्टोबरला नागपूर. मला यात चमत्कार दिसत नाही. मला दिसतं, की 'काय होणार' याचं उत्तर काळं असताना 'मी काय करणार' याचं उत्तर माणूस वेगळं देऊ शकतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बेकच्या यादीत ते एकमेकांत मिसळलेत. (एक सांगून ठेवतो, हे उदाहरण घेऊन कुणा आजाऱ्याच्या उशाशी जाऊ नका. बाबासाहेबांनी केलं, तुला काय झालं, असं म्हणणं म्हणजे त्याच्या छातीवर आणखी एक धोंडा.)

'मी काय करणार' याला उत्तर कुठून येतं? दोन गोष्टी वाचल्यात. लंडनमध्ये सरकारी नोकरांवर १९६७ पासून अभ्यास झाला, सुमारे अठरा हजार पुरुष. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना दवाखाना. तरी वरच्या साहेबापेक्षा सगळ्यात खालचा, शिपाई-दरवान, हृदयरोगानं तिप्पटीहून जास्त मरत होता. १९८५ ला दुसरा अभ्यास सुरू झाला, १०,३०८ माणसं, मायकेल मार्मट त्याचे प्रमुख. त्यात दिसलं, की ज्याच्या हातात स्वतःच्या कामावर काही ताबा नाही त्याचं हृदय जास्त बिघडतं. उपाशी नव्हता तो. फक्त सगळं दुसरा ठरवत होता.

दुसरी गोष्ट उंदरांची. कर्ट रिक्टर यानं १९५७ ला छापलेली. प्रयोग क्रूर आहे, मला आवडत नाही, तरी सांगतो. पकडून आणलेले रानटी उंदीर पाण्याच्या बरणीत सोडले की काही मिनिटांत मरत. एरवी तासन्‌तास पोहणारी ही जात. बुडून नव्हे, हृदय मंद मंद होत थांबायचं. पण त्याच जातीच्या उंदरांना आधी काही वेळा पाण्यात टाकून लगेच बाहेर काढलं, हातात धरून सोडून दिलं, की मग ते तासन्‌तास पोहत राहत. त्यांना कुणी भाषण दिलं नव्हतं. सुटका होते, हे अंगाला कळलं होतं.

माणूस उंदीर नाही. पण हे वाचताना मला महाड आठवलं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्याले. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. मधली दहा वर्षं निकालाच्या आशेवर कुणी तगलं नसणार. ओंजळीत पाणी येऊन गेलं होतं, त्यावर तगले. आणि तो हात बाहेरच्या कुणा दयाळूचा नव्हता, आपलाच होता. इथं उंदीर आणि आपण वेगळे.

तर फॉर्म फेकून द्यावा असं माझं म्हणणं नाही. थर्मामीटर फोडून ताप जात नाही. उलट, ज्याच्याकडं कुणी बघत नाही त्याला किती ताप आहे हे कागदावर आलेलं बरं. पण जो मोजतो त्याच्यावर देणं चढतं. तात्यांचे गुण लिहून घेतले, कागद कुठंतरी गेला, त्यावर कुणाला डिग्री मिळाली असेल. तात्यांकडं परत कोणी आलं नाही. दुखण्याची मोजदाद करून निघून जायचं, हे जनगणनेवाल्यानं करावं. जखम बघितली तर पट्टी बांधायची जबाबदारी आली.

आणि आपण कुठं मोकळे आहोत? आपण तर मोजतही नाही. वस्तीत अटॅक येऊन परत आलेली किती माणसं आहेत, मंडळातल्या एकाला तरी सांगता येईल? जयंतीची वर्गणी कोणी दिली नाही ते पाठ आहे.

मी माझ्या गल्लीपुरतं सुरू केलंय. पाच माणसं सापडली, त्यात दोन बाया. बाया मोजायच्या राहूनच जातात. छातीत कळ आली तरी पित्त म्हणून स्वयंपाक करत राहतात. कुओपिओतही नुसते पुरुषच होते. वीस प्रश्न मी विचारत नाही, तेवढं शिक्षण मला नाही. सकाळी पाळीला जाताना गोळ्यांच्या पट्टीतली घरं मोजतो. संध्याकाळी जो येईल त्याच्याबरोबर बुद्धविहारापर्यंत चालतो. आणि दोन प्रश्न माझे आहेत, ते बेकच्या यादीत नाहीत. या आठवड्यात तुमच्या मनासारखं तुम्ही स्वतः ठरवून काय केलंत? आणि कुणामुळं अडलं?

पहिल्याला पाचांपैकी तिघांकडं उत्तर नव्हतं. दुसऱ्याला पाचही जणांनी नावं सांगितली. त्यातलं एक नाव तीनदा आलं. तो आपल्याच मंडळाचा सभासद आहे, आणि ठेकेदार आहे. पुढच्या रविवारच्या बैठकीत हा विषय मी घेणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या.